सोळा तास उपाशी राहून वजन उतरतं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की वय ३८, वजन ९१ किलो, परभणीत कापडाच्या दुकानात दिवसभर बैठक. मित्र सांगतोय, दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खा, बाकीचे सोळा तास पाण्यावर काढ, दोन महिन्यांत दहा किलो जातात. हे खरं का, आणि त्या वेळात साबुदाणा चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

वजन उतरतं. माझं उतरलंय. पण ते सोळा तासांनी उतरवलं असं मी म्हणणार नाही, कारण सोळा तास पाळूनही पहिल्या खेपेला काटा हलला नव्हता.

मी लातूरला मेस चालवते, क्लासेसच्या पोरांचे साठ डबे. पहाटे पाचला गॅस पेटतो. उंची पाच फूट एक इंच आणि वजन ७८ झालं, गुडघे बोलायला लागले, तेव्हा मी हा प्रकार सुरू केला. सकाळभर कडकडीत उपाशी राहायची, बारा वाजले की ताटावर बसायची. भाकरी, वरण, भात, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. भूक एवढी खवळलेली असायची की किती खाल्लं ते हात धुताना कळायचं. सहा आठवड्यांत एक किलोही उतरलं नाही. 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणतात ना, अगदी तसं झालं.

माझी मुलगी नर्सिंगला आहे. ती म्हणाली, "आई, आठ दिवस तोंडात जे जाईल ते लिही, थेंबसुद्धा." डब्यांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागले. आमटीची चव बघायला तळहातावर एक पळी. मुलांना दिलेल्या शिऱ्यातलं कढईला लागलेलं. चार वाजता भाजलेले शेंगदाणे, येता-जाता एकेक मूठ. शेवटची पोळी उरली, टाकवत नाही म्हणून तुपाबरोबर. आणि सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. नुसत्या चहाचे दूध-साखर धरून चारशेच्या आसपास उष्मांक होत होते. हे सगळं मी जेवण म्हणून मोजतच नव्हते.

दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा घड्याळाबरोबर हे मधलं चरणं बंद केलं. मिठाची चव दुसऱ्या बाईला बघायला सांगितली. ताटात आधी पालेभाजी आणि घट्ट वरण, मग दोन भाकऱ्या, भात एक दिवसाआड. अकरा महिन्यांत ७८ वरून ६९ किलो. दोन महिन्यांत दहा किलोची आशा धरू नका. तेवढ्या घाईत गेलेल्या वजनात पाणी आणि स्नायूही जातात.

मुलीने मला दोन अभ्यास समजावून सांगितले. अमेरिकेतला २०२० साली छापून आलेला, ११६ जणांचा. एका गटाला सांगितलं दुपारी १२ ते रात्री ८ मध्येच खा, काय आणि किती ते तुमच्यावर. दुसऱ्या गटाला दिवसातून तीनदा जेवायला सांगितलं. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचं सरासरी ०.९ किलो गेलं, दुसऱ्याचं ०.७. म्हणजे फरक नाहीच. चीनमधल्या २०२२ सालच्या अभ्यासात दोन्ही गटांना मोजून कमी खायला लावलं, त्यातल्या एकाने फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ मध्ये खायचं. वर्षाने वेळ पाळणाऱ्या गटाचं सरासरी ८ किलो गेलं, दुसऱ्याचं ६.३, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो असं त्यांनीच मांडलं. उतरवलं ते मोजून कमी खाण्याने. घड्याळाचा उपयोग एवढाच की ते कमी खाणं काहींना सोपं जातं. मला गेलं, कारण 'आता स्वयंपाकघर बंद' म्हटलं की शेंगदाण्याचा डबा उघडायचा प्रश्न राहत नाही.

आमच्याकडे ही कल्पना नवी नाही. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली दोन वेळा जेवायची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरात नेली: दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. लातुरात ती पाळणारे खूप भेटतात. ज्यांचं उतरलं त्यांचा चहा-फरसाण सुटला होता हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता जिवाचं. माझं बघून माझ्या यजमानांनीही सकाळचं खाणं सोडलं, कुणाला न विचारता. त्यांना शुगर आहे, ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी चालू होती. गोळी घेतली आणि तसेच भाजी मंडईत गेले. साडेदहाला फोन आला, "मला कसंतरी व्हायलंय." मी पोहोचले तेव्हा शर्ट घामाने भिजलेला, आणि हात एवढे थरथरत होते की गाडीची किल्ली छिद्रात जाईना. शेजारच्या मेडिकलवाल्याने बोटातून रक्त घेतलं, शुगर ५८. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी बोलायला लागले. त्या गोळीने किंवा इन्सुलिनने शुगर खाली येते, तुम्ही जेवा किंवा जेवू नका. तुम्हाला शुगरची किंवा बीपीची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवा, मगच वेळा बदला. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढीची पोरं, ज्यांना पोटात व्रण (अल्सर) आहे, त्यांनी हे करूच नये.

साबुदाण्याचं विचारलंत. कोरडा साबुदाणा १०० ग्रॅम, ४० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट आणि २० ग्रॅम तूप घेतलं की साडेसातशे उष्मांक होतात, म्हणजे चार मध्यम ज्वारीच्या भाकऱ्यांपेक्षा जास्त. आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. आषाढीला श्रद्धेने खा, मीही खाते, पण वजनासाठी म्हणून नको.

तुमच्या दुकानात लग्नसराईत प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर चहा येतो, हे मला माहीत आहे. तुम्ही १२ ते ८ धरू नका, दुकान बंद करून घरी जाईपर्यंत साडेनऊ होतात आणि नियम पहिल्याच आठवड्यात मोडेल. सकाळी दहाला घरून भाकरी, उसळ खाऊन निघा. संध्याकाळी सातला दुकानातच डबा उघडा. मध्ये गिऱ्हाइकाला चहा आला की तुमच्यापुढे पाणी किंवा बिनसाखरेचा काळा चहा ठेवायला पोऱ्याला आजच सांगून ठेवा. काट्यावर दर रविवारी सकाळी, एकाच वेळी उभे राहा आणि कमरेला टेप लावा. माझी कंबर वजनाच्या आधी उतरली होती.

गोळ्या चालू आहेत का ते तुम्ही लिहिलं नाही. तेवढं लिहा.