पनीरच्या पाण्याचा गॅस आणि पॉलिसीतले न मिळणारे पाच लाख

सांगली जिल्ह्यातील ३८ वर्षांचे एक वाचक रोज १,००० लिटर दुधाचे पनीर करतात. उरणारे सुमारे ८०० लिटर पाणी ओढ्यात जाते म्हणून गावात तक्रार झाली आहे. एका विक्रेत्याने त्यांना १४ लाखांचा बायोगॅस प्रकल्प सुचवून महिन्याला ३० हजारांची बचत सांगितली आहे. तीन वर्षे भरलेल्या विमा पॉलिसीतून ५ लाख आणि कर्जातून ९ लाख उभारावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुधातली बहुतेक साखर पनीरच्या पाण्यातच राहते, त्यामुळे हवाबंद टाकीत त्यापासून गॅस चांगला निघतो. ८०० लिटरमागे २०-२२ घनमीटर गॅस, म्हणजे साधारण १० किलो एलपीजीइतकी उष्णता, हा विक्रेत्याचा हिशेब बरोबर आहे. मात्र ती उष्णता त्याने व्यावसायिक सिलिंडरच्या दराने मोजली आहे आणि तुमचा बॉयलर, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, ६ रुपये किलोच्या लाकडावर चालतो. एक घनमीटर गॅस साडेतीन किलो लाकूड वाचवतो. म्हणजे दिवसाला साडेचारशे आणि महिन्याला १४ हजार रुपये, तेही प्रकल्प एकही दिवस बंद पडला नाही तर. ९ लाखांच्या कर्जाचा हप्ता १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी २० हजार येतो.

आणि असे प्रकल्प बंद पडतात. मी पाहिलेल्या एका ठिकाणी टाकीत नुसते पनीरचे पाणी ओतले जात होते; गॅसची टोपी वर येत नव्हती, झाकण सरकवताच आंबलेल्या ताकासारखा भपकारा आला आणि पीएच (आम्लतेचा आकडा; जितका कमी तितके आम्ल अधिक) मोजायच्या पट्टीवर ५ चा रंग उमटला. मिथेन तयार करणाऱ्या जीवाणूंना तो आकडा ७ च्या आसपास लागतो. साखरेचे आम्ल झपाट्याने होते आणि त्या जीवाणूंचे काम संथ असते, म्हणून शेणाची जोड द्यावी लागते, भरणा हळूहळू वाढवावा लागतो आणि भांडी धुतलेले कॉस्टिक सोड्याचे पाणी वेगळे काढावे लागते. तुम्हाला दिलेल्या प्रस्तावात यातले काहीच नाही. टाकीतून बाहेर पडणारे पाणीही थेट ओढ्यात सोडण्याजोगे नसते. सांडपाण्यावर प्रक्रिया तुम्हाला करावीच लागेल, पण तो धंद्याचा खर्च आहे. त्याला उत्पन्न समजून कर्ज काढू नका. तुमच्या सहा म्हशींचे शेण धरून लहान संयंत्राचा दर मागवा आणि मंजुरीपत्र हाती येईपर्यंत अनुदानाची रक्कम शून्य धरा.

आता तुम्ही न विचारलेल्या, पण मला अधिक अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीकडे वळतो. २०२२ मध्ये घेतलेल्या या पॉलिसीत वर्षाला १.८ लाख भरून तुम्हाला संरक्षण मिळते फक्त १८ लाखांचे, आणि राहत्या घरावर कर्ज आहे २२ लाखांचे. उद्या तुमचे काही झाले तर पत्नी आणि दोन मुलांच्या हाती रक्कम येणारच नाही, उलट ४ लाखांचे देणे उरेल. ‘तीन वर्षांनी पैसे परत’ असे सांगून ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारणाऱ्याने अक्षम्य काम केले आहे. भरलेल्या ५.४ लाखांपैकी तीन हप्त्यांनंतर पॉलिसी मोडल्यास मिळणारी हमीची परतावा रक्कम साधारण ३५ टक्के, म्हणजे १.९ लाख आहे. प्रत्यक्षात थोडे अधिक मिळू शकेल, पण ५ लाख नाहीत.

प्रथम १ कोटीचा निव्वळ टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. प्रकृती उत्तम असल्यास वर्षाला २०-२५ हजारांत तो मिळावा. तो हाती आल्यावर विमा कंपनीकडून आजची सरेंडर रक्कम (पॉलिसी मोडल्यास आज मिळणारी) आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी चालू ठेवल्यास उरणारे कमी संरक्षण) लेखी मागवा, दोन्ही ताडून निर्णय घ्या आणि चौथा हप्ता भरू नका. वाचलेले दीड लाख दरवर्षी घरावरच्या कर्जात भरा, कारण तिथे ११ टक्के व्याज वाचते आणि अशा पॉलिसीत जेमतेम ५ टक्के सुटतात.

चौथ्या हप्त्याची तारीख तुम्ही कळवलेली नाही. ती जवळ आली असेल तर वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्या अवधीत टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी उरकून घ्या आणि प्रकल्पाची आगाऊ रक्कम तोवर देऊ नका.