जर्मनीसारख्या विकसित देशांत कुटुंबव्यवस्था मोडली आहे का? आपलेही असेच होणार का?

प्रश्नाच्या तपशिलात आपण लिहिले आहे की जर्मनीत ४१ टक्के लोक एकटे राहतात, म्हाताऱ्या आईवडिलांना वृद्धाश्रमात टाकतात, आणि म्हणून तिथे कुटुंब असे काही उरलेलेच नाही. मी बरीच वर्षे श्टुटगार्टमध्ये राहते आणि हीच तीन वाक्ये याच क्रमाने माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकत आले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी आकडा. ४१ टक्के माणसे एकटी राहत नाहीत, ४१ टक्के घरे एकट्या माणसाची आहेत. चार माणसांचे एक घर आणि एकेका माणसाची दोन घरे घेतली, तर तीनपैकी दोन घरे ‘एकटी’ होतात, पण सहापैकी दोनच माणसे एकटी असतात. जर्मनीत साधारण १ कोटी ७० लाख लोक एकटे राहतात, म्हणजे पाचातला एक. त्यांत शिकणारी मुले आहेत, घटस्फोटित आहेत आणि नवऱ्याच्या पश्चात त्याच घरात राहणाऱ्या आजीबाई मोठ्या संख्येने आहेत. ८५ वर्षांच्या पुढे तर निम्म्याहून अधिक माणसे एकटी राहतात. वृद्धाश्रमाचे म्हणाल तर २०२३ च्या अखेरीस शुश्रूषेची गरज असलेले म्हणून नोंदलेले लोक सुमारे ५७ लाख होते आणि त्यांपैकी ८६ टक्के लोकांची शुश्रूषा घरीच होत होती, बहुतेकांची नातेवाइकांकडूनच. ‘टाकतात’ हे क्रियापद कुठून आले, हे मला कोणी सांगितलेले नाही.

आता मी जिथे भाड्याने राहते त्या घराबद्दल सांगते, कारण आपल्या प्रश्नातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्या एका जिन्यावर सापडतात. खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी राहतात, वय नव्वदीच्या जवळ. मधल्या मजल्यावर मी. सर्वांत वर, उतरत्या छपराखाली, त्यांची घटस्फोटित मुलगी. मुलीचा मुलगा एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा वडिलांकडे राहतो. नोंदणी मात्र वडिलांच्या पत्त्यावर आहे. मुलीचा सध्याचा जोडीदार दुसऱ्या गावी नोकरी करतो आणि शुक्रवारी संध्याकाळी येतो; लग्न करण्याचा दोघांचाही विचार नाही. आजींचे दिवे, नळ आणि बर्फ उपसण्याचे काम कोण करतो, तर मुलीच्या घटस्फोटित नवऱ्याला त्याच्या आधीच्या लग्नापासून झालेला मुलगा, ज्याचा आजींशी रक्ताचा काडीचाही संबंध नाही. सांख्यिकी खात्याच्या हिशेबात या सगळ्याचे वर्णन ‘एकट्या माणसाची तीन घरे’ एवढेच होते, कारण तिथे मोजणी होते ती एकत्र राहून एकत्र खर्च करणाऱ्यांची. आपल्या जनगणनेतही घर मोजतात ते सामाईक स्वयंपाकावरूनच, म्हणजे एका वाड्यात चुली वेगळ्या झाल्या की कागदावर घरे वेगळी होतात. म्हणून वाड्यातली नाती संपली असे आपण म्हणत नाही.

या आजींची शुश्रूषेची श्रेणी ठरवायला, जिला इथे प्फ्लेगेग्राड म्हणतात, वैद्यकीय तपासणी सेवेच्या बाई घरी येणार होत्या, तेव्हा मुलीने मला मुद्दाम थांबवून घेतले. ‘आई खोटे बोलेल आणि माझे तोंड उघडणार नाही,’ असे तिने सरळ सांगितले. झालेही तसेच. आजींनी केस सेट करून घेतले होते, गळ्यात मोत्यांची माळ होती आणि टेबलावर सफरचंदाचा केक होता. अंघोळ स्वतः करता का? करते. जिना चढता का? चढते. गोळ्या कोण देते? माझ्या मीच घेते. पायाला सूज येते म्हणून आजी घट्ट दाबाचे मोजे वापरतात, ते घालायला आणि काढायला फार जोर लागतो आणि मुलगी रोज कामावर जाण्यापूर्वी, उजाडायच्या आत, खाली उतरून ते चढवते. तेही आजींनी ‘मीच घालते’ म्हणून सांगितले. तपासणीच्या बाईंना अनुभव असावा. त्यांनी अगदी सहज, एक पाय दाखवता का म्हणून विचारले. आजींनी मोजा पायाच्या बोटांवरून ओढत टाचेपर्यंत आणला आणि तिथेच त्या थांबल्या. खोलीत कोणी काही बोलेना. मग आजी म्हणाल्या, आज हात गार पडले आहेत. मुलीने कपाटातून एक वही काढली आणि टेबलावर ठेवली. तीत कित्येक आठवड्यांची नोंद होती: मोजे इतकी मिनिटे, पाठ धुणे इतकी मिनिटे, रात्री दोनदा उठणे.

सहा विभागांत गुण मोजतात, सर्वाधिक वजन स्वतःचे स्वतः आवरण्याला असते आणि शंभरपैकी किमान २७ गुण झाले की दुसरी श्रेणी मिळते. आजींना ती मिळाली. त्या श्रेणीला शुश्रूषा-विम्यातून, म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणी लागणाऱ्या शुश्रूषेसाठीच्या विम्यातून, २०२५ च्या दराने महिना ३४७ युरो मिळतात. ते आजींच्या खात्यावर येतात आणि आजी ते मुलीला देतात. याहून मोठी गोष्ट अशी की मुलीने आईसाठी नोकरीचे तास कमी केलेले असल्यामुळे शुश्रूषा-विमा आता तिच्या निवृत्तिवेतनाचा हप्ता भरतो. आठवड्याला किमान दहा तास, दोन किंवा अधिक दिवसांत विभागून, शुश्रूषा करणाऱ्या आणि नोकरी तीस तासांहून अधिक नसणाऱ्या व्यक्तीला हा हक्क आहे. हा विमा १९९५ पासून सर्वांना सक्तीचा आहे आणि मला मूल नसल्यामुळे मी त्यात ०.६ टक्का जास्त भरते. ती कपात मी पगाराच्या कागदावर दरमहा पाहते आणि मला तिचा राग येत नाही.

ही हकीकत मी दादाला फोनवर सांगितली, तेव्हा तो म्हणाला, ‘आईचे मोजे चढवायचे पैसे घेतात? लाज वाटत नाही यांना?’

माझे मत त्याच दिवशी पक्के झाले आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते. विकसित देशांत कुटुंब मोडलेले नाही; कुटुंबात कोण किती राबते, हे तिथे लिहून ठेवले जाऊ लागले आहे, आणि ज्यांच्या घरी ते कधीच लिहिले गेले नाही त्यांना त्याची अडचण वाटते. तेही फार नवे नाही. जर्मन शेतकऱ्यांत शेत मुलाच्या नावे करताना म्हाताऱ्यांसाठी वेगळी खोली किंवा लहानसे घर, दरवर्षी इतके धान्य, इतके दूध, इतके सरपण असा लेखी करार करण्याची पद्धत फार जुनी आहे. शेकडो वर्षे उशिरा लग्न करून वेगळा संसार थाटणे हीच वायव्य युरोपातली सर्वसाधारण रीत होती. आपण कल्पना करतो तशी तीन पिढ्यांची एकत्र कुटुंबे तिथे सरसकट नव्हतीच. १९०० साली जर्मनीत पाच किंवा अधिक माणसांची घरे ४४ टक्के होती आणि एकट्याची ७ टक्के, हे खरे. पण त्या मोठ्या घरांत पुष्कळ मुले, मोलकरणी आणि शहरांत तर पाळीपाळीने खाट भाड्याने घेणारे परके कामगारही मोजलेले होते. आणि ज्या ‘आदर्श’ कुटुंबाची लोक आठवण काढतात, त्याच्या काळात पश्चिम जर्मनीचा कायदा सांगत होता की पत्नीने नोकरी करावी, पण वैवाहिक आणि घरच्या कर्तव्यांना बाधा येत नसेल तरच. ते कलम १९७७ मध्ये गेले. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला वारसा हक्कात बरोबरीचे स्थान मिळाले ते १९९८ मध्ये. आज इथल्या साधारण एकतृतीयांश मुलांचे आईवडील मुलाच्या जन्माच्या वेळी विवाहित नसतात, पूर्वेकडे हे प्रमाण बरेच जास्त आहे, आणि शाळेत याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

इथे सगळे उत्तम आहे, असे कृपया वाचू नका. वृद्धाश्रमात पहिल्या वर्षी पदरचे महिना सुमारे ३००० युरो जातात आणि अनेकांची बचत त्यात संपते. मुलांवर आईवडिलांच्या खर्चाची जबाबदारी कायद्याने आहे, पण २०२० पासून ती वार्षिक १ लाख युरोहून अधिक कमावणाऱ्यांवरच येते. एकट्या आयांना दारिद्र्याचा धोका जोडप्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. आणि ज्या घरांत मुले दूर आहेत तिथे पूर्व युरोपातल्या बायका राहायला येऊन रात्रंदिवस काम करतात. बल्गेरियाच्या अशाच एका बाईच्या खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च कामगार न्यायालयाला सांगावे लागले की किमान वेतन त्यांनाही लागू आहे आणि हाकेला तयार राहण्याचे तासही कामाचेच आहेत. म्हणजे हिशेबाबाहेर राहिलेल्या बायका इथेही आहेतच, फक्त त्या सुना नाहीत.

‘आपलेही असेच होणार का’ याचे उत्तर थोडक्यात: पुष्कळसे झालेलेच आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातला एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला होणाऱ्या मुलांची सरासरी, १.७ होता. ज्या घरी एक किंवा दोन मुले आहेत आणि त्यांतले एक पुण्यात, दुसरे परदेशात आहे, तिथे सांभाळणार कोण, हा प्रश्न संस्कृतीचा कमी आणि माणसांच्या संख्येचा अधिक आहे.

आपण प्रश्नात ‘आपल्याकडे आईवडिलांना घरीच सांभाळतात’ असेही लिहिले आहे, त्यातला कर्ता मला पाहायचा आहे. आमच्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ती मिरजेला दादाकडे होती. बालवाडीतली नोकरी सोडली ती वहिनीने. आईला कुशीवर वळवणे, भरवणे, कपडे बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणे हे सगळे वहिनीने वर्षानुवर्षे केले. दादा संध्याकाळी आईजवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत असे, आणि तेही खरेच मोलाचे होते. मी पैसे पाठवत होते, त्याचे मी भांडवल करत नाही. पण प्रत्येक लग्नकार्यात ‘आम्ही आईला शेवटपर्यंत सांभाळले’ असे दादा सांगतो तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात असते, आणि तिच्या नावावर ना निवृत्तिवेतन आहे, ना भविष्य निर्वाह निधी, ना घर. श्टुटगार्टच्या त्या मुलीला आईचे मोजे चढवण्याबद्दल जे मिळते, त्याला दादा निर्लज्जपणा म्हणतो आणि वहिनीला काहीच न मिळणे याला संस्कार म्हणतो. मला यातले कोणतेच नाव मान्य नाही.

म्हणून आपण विचारलेले नसतानाही सांगते. आपल्या घरी आजारी माणूस असेल, तर एक महिना वही ठेवा आणि कोण रात्री किती वेळा उठले हे लिहा. मग ज्या व्यक्तीचे नाव सर्वाधिक वेळा येईल तिच्या नावे दरमहा काही रक्कम नियमितपणे टाका आणि राहत्या घरात तिचा हिस्सा कागदावर आणा. पती पत्नीला राहते घर बक्षीसपत्राने देऊ शकतो आणि महाराष्ट्रात त्यावरचे मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. जर्मनीत जे काम विमा करतो ते आपल्याकडे सध्या घरातल्यांनीच करायचे आहे.

मिरजेच्या घरात वारसा हक्काने माझा निम्मा हिस्सा आहे. दादाला त्याचे हक्कसोडपत्र हवे आहे, मला ते द्यायचेही आहे, परंतु तेवढाच हिस्सा त्याने लगोलग वहिनीच्या नावे करावा अशी माझी अट आहे. ‘तिचे आणि माझे काय वेगळे आहे?’ असे तो विचारतो. वेगळे नसेल तर त्याने बक्षीसपत्र करायला हरकत नसावी; तोपर्यंत मी सही करणार नाही.