बाथरूम फोडण्याआधी जिन्याचं बघा

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमानांना (वय ५२) सात महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू अधू झाली. काठी धरून चार पावलं टाकतात, बाकी व्हीलचेअर. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. ताईंच्या हातात महिना ६८,००० येतात. गाठीला ८ लाखांची एफडी आणि ६ लाखांचे म्युच्युअल फंड. कॉन्ट्रॅक्टरने घर व्हीलचेअरजोगं करून द्यायचं साडेसात लाखांचं कोटेशन दिलंय. भाऊ म्हणतात, हा फ्लॅट ७० लाखांना विका आणि वाकडला लिफ्टवाला ९५ लाखांचा घ्या. त्यात सोसायटीत रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत.

ताई, आत्ता यातलं काहीच करू नका. कॉन्ट्रॅक्टरला आगाऊ रक्कमही देऊ नका.

साडेसात लाख घालून घर आतून कितीही चांगलं केलंत, तरी जिना तसाच राहणार. फिजिओथेरपीला जायचं तर दर वेळी दोन माणसं बोलवायची, हे काही सुटत नाही. आणि इमारत पाडायची ठरली तर तुमचं नवं बाथरूमही तिच्याबरोबर गेलं. शिवाय कोटेशन नीट वाचलंत का? किचन ट्रॉली, पीओपी आणि सगळ्या घराची फरशी यांचेच साडेचार लाख आहेत. त्यातलं यजमानांच्या उपयोगाचं फार थोडं.

वाकडचं गणितही तपासू. फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर घेऊन स्त्रियांची सवलत मिळाली, तरी मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ५ लाख ७० हजार. नोंदणीचे ३०,००० धरून ६ लाख गेले, ते परत यायचे नाहीत. वरच्या २५ लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षं सुमारे २४,६०० चा हप्ता. ब्युरोच्या मदतनिसाला तुम्ही २०,००० देताच. उरलेल्या तेवीस हजारांत किराणा, औषधं, फिजिओ आणि मुलीचं कॉलेज? हे झेपेलसं मला वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला: तुमचा फ्लॅट भाड्याने द्या आणि जवळपासच लिफ्टचं किंवा तळमजल्याचं घर अकरा महिन्यांच्या कराराने घ्या. तुम्ही कळवलेल्या भावांप्रमाणे २४,००० येतील, ३४,००० जातील. वर्षाला १ लाख २० हजारांचा फरक. डिपॉझिट वेगळं, पण ते परत मिळतं. वाकडच्या नुसत्या मुद्रांक आणि नोंदणीच्या सहा लाखांत असा फरक पाच वर्षं भरता येतो. यजमानांची सुधारणा अजून चालू आहे असं फिजिओ सांगतात. वर्षभराने ते किती चालतील हे कळल्यावर मोठा निर्णय घ्या. आज घाईने घेतलेलं घर त्या दिवशीच्या गरजेला बसेलच असं नाही.

घर बघायला जाताना व्हीलचेअर घेऊनच जा. पुण्यातल्या कितीतरी इमारतींत लिफ्ट असते, पण पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चार-पाच पायऱ्या असतात. बाथरूमच्या दाराची रुंदी टेपने मोजा. तुमच्या आत्ताच्या दाराची मोकळी रुंदी २४ इंच आणि खुर्ची २६ इंच, त्यामुळे तुम्हाला त्यांना रोज दारातच उभं करावं लागतं. दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडत असेल आणि माणूस दाराला टेकून पडला, तर ते ढकलताही येत नाही. भिंतीवरचा धरायचा दांडा कमोडवर बसल्यावर डावीकडे यायला हवा, कारण जोर डाव्या हातात आहे. मालकांची परवानगी घेऊन तो पक्क्या भिंतीत बसवा, नुसत्या टाइलच्या भरवशावर नको. चाकांची कमोड खुर्ची आणि अंघोळीचं स्टूल घ्या, ती पुढच्या घरीही येतात.

मी खर्च असा तोलते: ही वस्तू आल्यावर यजमान कोणतं काम एकट्याने करतील? ते स्वतः बाथरूमला जाऊ लागले, तर मदतनीस बारा तासांऐवजी सहा तासच लागेल. ती बचत दर महिन्याची आहे आणि त्यांच्या मनाला जो आधार मिळेल तो वेगळाच.

प्राप्तिकरातल्या ८०डीडीच्या, म्हणजे अपंग कुटुंबीयाच्या खर्चासाठीच्या वजावटीबद्दल विचारलंत. ७५,००० किंवा तीव्र अपंगत्वाला सव्वा लाख, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तुमच्या पगारावर नव्या प्रणालीत कर शून्यच येतो, तेव्हा त्यासाठी जुनीकडे वळू नका. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) मात्र जरूर काढा, इतर सवलतींना ते लागतं. एफडीला हात लावू नका आणि स्वतःचा टर्म विमा या महिन्यातच घ्या. घर आता तुमच्या एका पगारावर उभं आहे.

राहिली रीडेव्हलपमेंट. ती कधी होईल याच्या भरवशावर बसू नका, पण टेंडर निघण्याआधी आपलं म्हणणं नोंदवा. बाथरूमसह सगळ्या दारांची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, प्रवेशाला १:१२ उताराचा (एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा) रॅम्प, बाथरूमला उंबरा नाही. नकाशा कागदावर असताना हे करून घेणं सोपं असतं, भिंती उभ्या राहिल्यावर तेच तुमच्या खिशातून जातं. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.