पॉवरफुल गोळीचं दुखणं

अँटिबायोटिकबद्दल आलेले प्रश्न आणि त्यांना माझी उत्तरं.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा दवाखाना आहे. सर्दी-तापाला नुसती पॅरासिटामॉल दिली, की पेशंट शेजारच्या दवाखान्यातून ‘पॉवरफुल’ गोळी, म्हणजे अँटिबायोटिक, घेतो. काय करावं?

डॉक्टर, हे दुखणं माझंही आहे. शिरोलीच्या फौंड्रीत ज्याची उद्या पहिली पाळी आहे, त्याला ‘विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही’ सांगून काय उपयोग? मी चिठ्ठीवरच लिहितो : ‘तीन दिवसांनीही ताप राहिला, धाप लागली किंवा खाणंपिणं सुटलं, तर लगेच या.’ तोंडीही सांगतो. त्याच आजारासाठी परत आला तर फी घेत नाही. खिशाला चाट बसते, पण पेशंट टिकतो. काही जातातच, त्यांना कोण अडवणार!

मी सिस्टर आहे. आमच्याकडे साध्या हर्नियालाही टाके काढेपर्यंत अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालतात. विचारलं तर ‘जखम पिकली तर तू जबाबदार?’

सिस्टर, तुमची शंका बरोबर आहे. चिरा देताना औषध रक्तात हवं, म्हणून आधीच्या तासाभरात एक डोस. साध्या, स्वच्छ ऑपरेशनला तेवढा पुरतो; 24 तासांपुढे तर कारणच उरत नाही. पुढची इंजेक्शनं बहुधा सर्जनना झोप लागावी म्हणून असतात!

वाद घालू नका. केसपेपरवर डोसची आणि चिऱ्याची वेळ शेजारी-शेजारी लिहायला लागा. एका हॉस्पिटलात आम्ही हे सुरू केलं, तर ‘आधीचा’ डोस चक्क ऑपरेशननंतर वॉर्डात टोचलेला निघाला. सगळे गप्प. जोडीला, दर महिन्याला किती जखमा पिकल्या तेही मांडून ठेवा. सिस्टरचं न ऐकणारे सर्जन रजिस्टर मात्र उघडून बघतात.

माझं मेडिकल आहे. ओळखीचं गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या दोनच गोळ्या मागतं.

देऊ नका. हे औषध शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी हवीच, शिवाय 2014 पासून पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता आणि नग वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं. ओळख आहे ना? मग तिथूनच डॉक्टरांना फोन लावून द्या.

म्हशीला दगडी (कासेची सूज) झालीय. एकाच सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली. बाकी तीन सडांचं दूध डेअरीला घालू का?

नाही. औषध रक्तात उतरतं आणि चारी सडांत येतं. उकळूनही ते पुरतं जात नाही. किती दिवस दूध वापरायचं नाही ते ट्यूबच्या खोक्यावर छापलेलं असतं. मोजणी शेवटच्या ट्यूबपासून. खोकं फेकलं असेल तर जनावराच्या डॉक्टरांना विचारा.