संशोधन, प्रॅक्टिकल आणि लोकांशी नातं, हे तिन्ही खरंच करणारं विद्यापीठ असतं का?

असतं की, आपली कृषी विद्यापीठं बघा. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासूनचं, डाळिंबाचा भगवा, उसाचा फुले २६५, त्यांच्याच कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातलं फुले संगम सोयाबीन हे सगळे वाण तिथलेच, म्हणजे संशोधन थेट शेतात उतरलेलं दिसतं. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाचं रावे, म्हणजे गावात राहून शेतीच्या कामाचा अनुभव घ्यायचा कार्यक्रम. पेपरात कृषिदूत, कृषिकन्या म्हणून फोटो येतात ना तीच ही मुलं, गावात जाऊन शेतकऱ्यांसोबत काम करतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात (बांधाजवळचा नको, झाडाखालचा नको, खताच्या ढिगाजवळचा तर अजिबात नको) आणि शेतकरी उलट असे प्रश्न विचारतो की परत पुस्तक उघडावंच लागतं, खरं शिक्षण तिथेच होतं. माझ्या मते याला अजून जास्त वेळ द्यायला हवा, पेरणी ते काढणी पूर्ण हंगाम दिसला पाहिजे. ॲडमिशन घेताना सिनियर्सना एवढंच विचारा की गावात प्रत्यक्ष किती राहिलात, बाकी इमारत वगैरे नंतर बघा.