व्हीटेक ५,५०० ऐवजी ४,००० आरपीएमला सुरू केला तर गाडी जास्त पळेल का?

बहुतेक वेळा उलटंच होतं. व्हीटेक ही होंडाच्या इंजिनातली यंत्रणा; ठरावीक आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) ती छोट्या कॅमवरून मोठ्या कॅमवर जाते. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा. मोठ्या कॅममुळे व्हॉल्व्ह जास्त उंच आणि जास्त वेळ उघडे राहतात. कमी आरपीएमला हवेचा वेग तेवढा नसतो, त्यामुळे सिलिंडर नीट भरत नाही आणि टॉर्क (फिरवण्याची ताकद) पडतो. शिवाय आवाज बदलतो म्हणून गाडी पळतेय असं वाटतं, एवढंच!

योग्य आकडा डायनोवरच (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) सापडतो. एक रन फक्त छोट्या कॅमवर घ्या, एक फक्त मोठ्या कॅमवर, आणि दोन्ही टॉर्कचे आलेख एकमेकांवर ठेवा. ते जिथे छेदतात तिथे बदल करायचा. बरोबर जमलं तर झटका जाणवत नाही. अनेकांना हे पटत नाही, पण जोरात झटका बसतो म्हणजे त्याआधी टॉर्कमध्ये खड्डा आहे.

इनटेक, एक्झॉस्ट किंवा कॅम बदलले असतील तर हा छेदबिंदू सरकतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका. दोन्ही कॅमचे इंधन आणि इग्निशनचे मॅप (सेटिंगचे तक्ते) आधी ट्यून करा, नाहीतर तुलनाच चुकीची. बंद होण्याचा आरपीएम सुरू होण्यापेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे सीमेवर सतत चालू-बंद होणार नाही. रॉकर आर्ममधली पिन ऑइलच्या दाबाने सरकते, त्यामुळे ऑइलची पातळी तपासा आणि इंजिन गरम झाल्यावरच रन घ्या.

हे सगळं पायरी बदलणाऱ्या, म्हणजे एका कॅमवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या व्हीटेकबद्दल. तुमच्या इंजिनात फक्त कॅम फेजर (कॅमचा कोन पुढे-मागे करणारा भाग) असेल तर असा एकच आकडा नसतो. तिथे आरपीएम आणि लोडनुसार कोनांचा अख्खा तक्ता ट्यून करावा लागतो.