आधी पाण्याचा हिशेब

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं आणि रात्री बराच वेळ जागा होतो. ‘काका, पहिली वीस मिनिटं श्वास रोखून बघत होते, मग हळूहळू काहीच वाटेना. सगळे कॅमेऱ्याचं कौतुक करतायत, मग माझंच काही चुकतंय का?’ असं तू विचारलंयस.

तुझं काही चुकलेलं नाही. समुद्रात एकट्या अडकलेल्या मुलीचा तो सिनेमा मीही कणकवलीला जाऊन पाहिला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या लोकांनी भर समुद्रात घाम गाळलाय हे पडद्यावर दिसतं. उलटलेल्या होडीचा तळ पाण्याखालून दिसतो, ते दृश्य मी विसरणार नाही. रात्री त्या मुलीच्या हाताबरोबर पाणी निळं पेटतं, आपल्याकडे थंडीत कधीकधी पेटतं ना, अगदी तसं. पण पहिल्या रात्री पूर्ण चंद्र आणि तिसऱ्या रात्री कोर? पौर्णिमा म्हणजे उधाण. तरी ती ज्या खडकावर बसलीय तो तीन दिवस पाण्याच्या वर तेवढाच्या तेवढा. मालवणातलं शेंबडं पोरही सांगेल की पाणी सहा तास चढतं, सहा तास उतरतं आणि भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. आपले जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचे. त्या लेखकाने तेवढंही केलं नाही.

बाटलीत दोन घोट उरलेत असं सुरुवातीला ठळक दाखवलं, मग त्या बाटलीचं काय झालं? मांडीवरची जखम लेखकाला आठवली की दुखते. मध्येच वडिलांच्या आठवणी सुरू होतात, आणि परत येऊन बघावं तर तहान गायब. तू तिथेच सुटलीस. तुझ्या मनाने हिशेब ठेवला होता, सिनेमाने ठेवला नव्हता.

जीव वाचवण्याच्या गोष्टीत हिशेब हीच गोष्ट असते. पाणी किती, उजेड किती, अंगात बळ किती आणि काल घेतलेल्या निर्णयाने आज काय हिरावून घेतलं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावं लागतं. चहूकडे पाणी आणि एक घोट घेता येत नाही, यापेक्षा मोठा खलनायक कुठून आणणार? त्यांनी शेवटच्या वीस मिनिटांत बंदूकवाला आणला.

‘ऑल इज लॉस्ट’ मिळाला तर बघ, २०१३ चा. एकटा म्हातारा, शिडाची बोट, संवाद जवळपास नाहीतच. पिण्याच्या पाण्याच्या कॅनमध्ये खारं पाणी शिरलंय हे त्याला कळतं तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली होती. आणि आपल्या मुंबईतला ‘ट्रॅप्ड’, २०१७ चा. रिकाम्या टॉवरमधल्या एका फ्लॅटमध्ये अडकलेला शाकाहारी मुलगा शेवटी कबुतर मारून खातो. त्या कबुतरापर्यंत तो पायरी पायरीने पोचतो, म्हणून आपण तोंड फिरवत नाही. एकही पायरी गाळलेली नाही.

मी हे एवढं तावातावाने का लिहितोय ते सांगतो. तिशीत असताना मी एका छोट्या चित्रपटाची गोष्ट लिहिली होती. इंजिन बंद पडलेली होडी, तीन खलाशी, चार दिवस. तिसऱ्या दिवसाच्या दृश्याला संध्याकाळचा उजेड असा काही पडला की दिग्दर्शक वेडा झाला. नटाचे ओठ ओले होते, मला दिसत होते. मी बोललो नाही. उजेड जाईल म्हणून गप्प बसलो. पुढे देवगडच्या एका शाळेत खेळ झाला, तेव्हा मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या तांडेलाने मोठ्याने विचारलं, ‘ह्याका पाणी खंय गावलां?’ पुढचा सिनेमा कोणी पाहिलाच नाही. तो प्रश्न आजही कानात आहे.

त्यानंतरच्या कामात मी अडून बसलो. या हिशेबाचा दिवसवार तक्ता झाल्याशिवाय कॅमेरा लावू देणार नाही म्हणालो. निर्मात्याने हात वर केले, काम थांबलं, आणि माझ्या हट्टामुळे बुडालं असं लोक अजून म्हणतात. म्हणू देत. त्या लोकांचे पैसे गेले याचं मला वाईट वाटतं, पण तक्ता मागितला याचं वाटत नाही. पुन्हा वेळ आली तरी तेच करीन.

आता तुझ्या कालवांच्या गोष्टीकडे येतो. ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला गेलेला मुलगा, पाय फटीत अडकतो, पाणी चढायला लागतं. गोष्ट चांगली आहे, फार चांगली आहे. आणि तू मला विचारतेस काय, तर ड्रोन दोन दिवस भाड्याने घेऊ की तीन! अगं, पाय अडकला तेव्हा किती वाजले होते? तिथी कोणती? पाणी घोट्याला कधी, कमरेला कधी? हातातल्या कोयत्याचं त्याने काय केलं? घरी त्याची वाट बघणारं कोणी आहे का, आणि ते किती वाजता काळजीत पडेल? तुझ्या बारा पानांत यातलं एकही उत्तर नाही. आकाशातून दिसणारी खाडी मात्र तीनदा आहे.

महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तू लहानपणापासून त्या विहिरींत डोकावत आलीस. तटबंदीचे फोटो सगळे काढतात. तू आधी विहिरी बघ.

ड्रोनचे पैसे सध्या राहू देत. येत्या अमावास्येला दुपारी चारला ये, पाणी खूप खाली जाईल तेव्हा खडपावर जाऊ. घड्याळ, वही आणि खडू आण. तुझ्या मुलाचा पाय जिथे अडकणार त्या फटीजवळ बसायचं आणि पाणी चढेल तशी दर दहा मिनिटांनी दगडावर खूण करायची. अंधार पडायच्या आत परत निघू. काकू सोलकढी करून ठेवेल. आईला सांगून ये.

तुझा,
काका